पांढऱ्या ओट्यावरचं वाळवण

परदेशात उतरलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय लागतं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. त्याला बर्फ लागत नाही, मनोरा लागत नाही. त्याला संडास लागतो. आणि युरोपात नेमकी हीच गोष्ट वेळेवर सापडत नाही. सापडली तर तिथं नाणं टाकून फिरत्या दांड्यातून आत जावं लागतं, आणि आमच्याकडची एखादी काकू त्या दांड्यात नऊवारीसकट अडकली की मागच्या रांगेची माफी मागत तिला सोडवणं हे टूर मॅनेजरचं काम असतं. हे काम मी अर्धं आयुष्य केलं. आता जळगाव जामोदला घरी बसलोय, आणि संडासाचा रस्ता मला कोणी विचारत नाही याची थोडी चुटपुट लागते.

नव्या कलेशी माझी ओळख झाली तीही याच कारणानं. जुन्या, नावाजलेल्या चित्रांच्या संग्रहालयापुढं कायम रांग असते. तिथं उभं राहता राहता माणसाचा जीव जातो आणि आत गेल्यावर चित्रापुढं दुसऱ्यांची डोकी दिसतात. नव्या कलेच्या प्रदर्शनाला रांग नसते. आत ऊब असते, बसायला बाकं असतात, बाहेर पाऊस असला तरी काही बिघडत नाही, आणि जिना उतरलं की पांढरेशुभ्र, फुकटचे संडास असतात. हे गुपित मला कळलं तेव्हापासून जिथं जिथं कलेची जत्रा किंवा प्रदर्शन भरलेलं असेल तिथं मी आमचा ग्रुप घेऊन जायचो. कंपनीच्या साहेबांना वाटायचं की मनोहरला कलेची फार ओढ. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

टूर मॅनेजर म्हणजे जग दाखवणारा माणूस, असं लोकांना वाटतं. जग गाइड दाखवतो. आमचं काम माणसं मोजायचं. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, जेवायला बसली की मोजायची. दुसरं काम ड्रायव्हरला सांभाळायचं. तिकडं बसच्या ड्रायव्हरनं दिवसातून किती वेळ चाक धरायचं याचा कायदा आहे, आणि बसमधलं एक यंत्र त्याची नोंद ठेवतं. वेळ संपली की तो किल्ली काढून खाली उतरतो, मग बस जंगलात उभी असो की घाटात. म्हणून निघायची वेळ म्हणजे आमच्यासाठी मुहूर्त. तो टळू द्यायचा नाही. या नादात मी एवढ्या प्रदर्शनांतून फिरलो, पण खरं सांगायचं तर एकही नीट पाहिलं नाही. भिंतीवर काय आहे ते बघण्याऐवजी भिंतीपुढं आपले किती उभे आहेत हेच बघत राहिलो. आता घरी बसल्यावर याचं वाईट वाटतं.

पुण्याकडची मंडळी असली की कलेच्या प्रदर्शनात काही अडचण नसायची. ती घरून वाचून आलेली असत. समजलं नाही तरी हनुवटीला हात लावून उभी राहत. आमच्या भागातल्या लोकांना मात्र न समजलेल्या गोष्टीपुढं गप्प उभं राहता येत नाही. आमच्या गावचे एक अडते, दाण्याच्या व्यापारात केस पांढरे झालेले, स्वित्झर्लंडमधल्या एका कलाजत्रेत तासभर फिरले आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भाऊ, हा तं आपला आठवडी बाजारच हाय. ज्याले घ्यायचं थो मालाकडे पाह्यतच नाई, अन् जो पाह्यते त्याले घ्यायचं नाई." त्या जत्रेबद्दल याहून चांगलं मी कोणाकडून ऐकलेलं नाही. एका प्रदर्शनात एक खोली संपूर्ण रिकामी ठेवली होती. संग्रामपूरचे एक निवृत्त हेडमास्तर तिथं थांबले, कोपरे तपासले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "माल अजून उतरला नाई वाटते. आपन जेवून येऊ."

पण आज सांगायची आहे ती वच्छलाबाईंची गोष्ट. शहराचं नाव सांगत नाही. तिथल्या काही लोकांना माझा चेहरा अजून आठवत असेल.

पोळा झाला, गणपती उठले, आणि सोयाबीन-कापूस हाताशी यायला थोडा अवकाश आहे, अशा मधल्या दिवसांत आमची शेतकरी मंडळी जरा मोकळी असतात. त्याच दिवसांतली ही सहल. वरवट बकालचे नामदेवराव आणि त्यांची बायको वच्छलाबाई त्यात होते. नामदेवराव उंचेपुरे, आवाज मोठा, हात फावड्याएवढे. वर्षभरापूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. बरे झाले तेव्हा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं आईबापांना जग बघायला पाठवलं. मुलानं तिकिटं काढली त्याच्या कितीतरी आधी वच्छलाबाईंनी आपल्या बाजूनं नवस बोलून ठेवला होता. नवरा वाचला तर गावच्या महादेवाला लक्षवाती वाहीन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाच्या एक लाख वाती हातानं वळायच्या, त्या तुपात भिजवायच्या आणि देवापुढं एकदम पेटवायच्या. वच्छलाबाईंचे नियम त्याहून कडक होते. कापूस स्वतःच्या शेतातला. हात स्वतःचा, दुसऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी ती वात बाद. आणि सगळं त्रिपुरी पौर्णिमेच्या आत. सहल आली म्हणून नवस थांबणार नव्हता, तेव्हा कापसाची पिशवी त्यांच्यासोबत विमानात बसली. परदेशच्या विमानतळावर कस्टमच्या माणसानं ती उघडायला लावली. त्याचा कुत्रा आला, त्यानं कापसात नाक घातलं आणि तो शिंकला. वच्छलाबाईंनी तेवढा वरचा कापूस वेगळा काढून कचरापेटीत टाकला. कुत्र्याला अर्थातच नियम माहीत नव्हते.

मग त्या सगळीकडे वाती वळत होत्या. बसमध्ये, हॉटेलच्या सोफ्यावर, बर्फाच्या डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात. बोटांना दूध लावायचं, कापसाचा पेळू तळहातावर फिरवायचा, वात तयार. वात तयार झाली की पिशवीत, आणि पुरेशा झाल्या की दोऱ्यानं बांधून जुडी. बसमधल्या बायकांनी मदत करायला हात पुढं केले तर त्या म्हणायच्या, "नोका बाई, दुसऱ्याचा हात चालत नाई." नामदेवराव मात्र शरमून जायचे. हळूच म्हणायचे, "लोकं पाह्यत हायेत. ठेव ना थे आता."

"पाहू द्या. मी काय त्याईचं घेऊन राह्यली?"

"माह्या हार्टचं काम डॉक्टरनं करून टाकलं. तुह्या वाती कायले?"

"डॉक्टरनं त्याचं केलं. माहं मले करू द्या."

यावर नामदेवराव खिडकीबाहेर बघायला लागायचे. त्यांच्याजवळ उत्तर नसलं की ते खिडकीबाहेर बघायचे, आणि त्या सहलीत त्यांनी पुष्कळ निसर्ग पाहिला.

त्या दिवशी आमची नदीतली बोटफेरी होती. रात्रभर पाऊस पडून नदीला पूर आला आणि फेरी रद्द झाली. ठरलेलं काही चुकलं की बदल्यात दुसरं काही द्यायचं, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. बस उभी होती तिच्यामागंच एका बंद पडलेल्या गिरणीत नव्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. माझी कळी खुलली. पावसात भिजलेली आमची मंडळी मी आत घातली आणि खाली जिन्याकडे बोट दाखवलं. निम्मा ग्रुप कला न बघता तिकडं गेला.

दारातच पहिली अडचण आली. मोठ्या पिशव्या सामानघरात ठेवायच्या होत्या. वच्छलाबाईंनी आत डोकावून पाहिलं. तिथं लोकांचे कोट, चामड्याचे पट्टे, चामड्याच्या पिशव्या टांगल्या होत्या. "चामड्याच्या खाली माह्या वाती?" एवढंच त्या बोलल्या आणि पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या. काउंटरवरची मुलगी उंच, सडपातळ, एका कानात रिंगाच रिंगा. मी तिला सांगितलं की पिशवीत धार्मिक वस्तू आहे. तिनं पिशवी उघडून बघितली, हात लावू का असं डोळ्यांनीच विचारलं, मी नाही म्हटलं, आणि तिनं जाऊ दिलं. बाई समजूतदार होती. पुढं तिचा आणखी उपयोग झाला.

आत गिरणीच्या मोठ्या दालनाला काचेचं छत होतं. पाऊस थांबला होता, आणि छतातून ऊन नेमकं एका ओट्यावर पडलं होतं. गुडघ्याएवढा उंच, पांढराफटक, स्वच्छ ओटा, आणि त्यावर काहीही नाही. त्यावर ठेवायची कलाकृती कस्टममध्ये अडकली होती, हे मला मागाहून कळलं. वच्छलाबाईंना त्याचं काय देणंघेणं. पावसानं त्यांची पिशवी वरून भिजली होती. तळातल्या जुड्या कोरड्या होत्या, पण वर सुट्या ठेवलेल्या कितीतरी वातींना ओल लागली होती. ओल्या वाती तशाच राहिल्या तर त्यांना बुरशी लागते. आणि समोर ऊन होतं, ओटा होता, ओटा मोकळा होता. आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं जे केलं असतं तेच त्यांनी केलं. पिशवीतलं धुतलेलं पातळ काढून ओट्यावर अंथरलं आणि त्यावर वाती एकेक करून पसरल्या. वाळवण घातलं.

वाळवणाला राखण लागते. कुरडया असोत, पापड असोत, कोणीतरी काठी घेऊन बसावंच लागतं. वच्छलाबाई थोडा वेळ बसल्या, पण मग त्यांनाही जिना उतरायचा होता. त्यांनी नामदेवरावांना ओट्याशेजारच्या बाकावर बसवलं. "मी आली लगेच. इथून हलू नोका. कोनाले हात लावू देऊ नोका." नामदेवरावांनी मान हलवली. एवढी मोठी जोखीम त्यांना डॉक्टरनंही कधी दिली नव्हती.

ते बसले असते. माझी खात्री आहे. पण शेजारच्या दालनातून पाण्याचा आवाज येत होता.

नामदेवराव आमच्या खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी खारट, गावात नळ यायचा तो चार-सहा दिवसांतून एकदा. उघडा राहिलेला नळ ऐकू आला की त्या भागातला माणूस बसल्या जागी बसू शकत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठून नळ बंद करून येणारी माणसं मी पाहिली आहेत. नामदेवराव बराच वेळ थांबले असावेत. मग उठून आवाजामागं गेले. शेजारच्या दालनात एका नळाखाली लोखंडी बादली भरून वाहत होती आणि गोल करून उभी असलेली माणसं ते नुसती बघत होती. नामदेवरावांनी गर्दीतून वाट काढली आणि नळ बंद केला.

प्रदर्शनाच्या राखणदारानं नळ पुन्हा उघडला. नामदेवरावांनी पुन्हा बंद केला. मला बोलावलं तेव्हा दोघांचेही हात तोटीवर होते आणि कोणी मागं हटायला तयार नव्हतं.

"मनोहरभाऊ, या मानसाले सांगा ना. पानी वाया जाऊन राह्यलं."

"नामदेवराव, ही कलाकृती हाय. पानी वाया जात नाई. खाली पंप हाय, तेच पानी फिरून वर येते."

"मंग तं आधी बंद करा. कायले फिरवून राह्यले त्याले?"

मी राखणदाराला समजावलं की आमच्या भागात पाण्याची फार टंचाई, या गृहस्थाला वाहतं पाणी बघवत नाही. राखणदाराचा चेहरा एकदम उजळला. तो म्हणाला, कलाकाराला अगदी हेच म्हणायचं आहे. मी ते नामदेवरावांना सांगितलं.

"म्हनायचं असंन तं म्हना," नामदेवराव म्हणाले, "पन बंद करून म्हना."

हा वाद अजून रंगला असता. तेवढ्यात काचेच्या छताच्या दालनातून वच्छलाबाईंचा आवाज आला. त्या ओरडल्या नव्हत्या. त्या फक्त "माय" म्हणाल्या होत्या, पण तो आवाज ऐकून नामदेवरावांचा हात तोटीवरून आपोआप सुटला.

झालं होतं ते असं. ओट्याच्या पलीकडं एका कलाकारानं छापील कागदांचा गठ्ठा ठेवला होता आणि पाटी लावली होती, कृपया एक घेऊन जा. ती पाटी कोणाची, कागदांची की वातींची, हे सांगायला तिथं कोणी नव्हतं. त्या देशातली माणसं शिस्तीची. त्यांनी पाटी वाचली, रांग लावली आणि प्रत्येकानं एकेक वात उचलली. काहींनी घरच्यांसाठी आणखी उचलल्या. आता दालनभर माणसं आमच्या वाती घेऊन फिरत होती. एकानं कोटाच्या खिशात रुमालासारखी लावली होती. एका म्हातारीनं केसात खोवली होती. एक दाढीवाला वात उजेडात धरून तिच्याकडं एक डोळा मिटून बघत होता. ओट्यावर पातळ आणि कडेला मूठभर वाती उरल्या होत्या. आणि एवढं कमी होतं म्हणून की काय, दुसरी एक राखणदार बाई ओट्याभोवती दोरी बांधत होती आणि वच्छलाबाईंना हातानं मागं सारत होती. कृपया स्पर्श करू नका, असं ती म्हणत होती.

वच्छलाबाई दोरीखालून वाकून आत गेल्या.

कानात रिंगा घातलेली मुलगी धावत आली. तिनं ओट्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि मला विचारलं, "हे यांचं काम आहे का? या कलाकार आहेत?"

माझ्या धंद्यात अडचणीच्या वेळी पहिलं उत्तर नेहमी होकाराचं द्यायचं असतं. बाकीचं नंतर बघता येतं. मी हो म्हणालो. त्या शब्दासरशी दोरी सुटली आणि राखणदार बाई मागं सरली. पण लोक जमले. मुलीनं विचारलं की कामाचं नाव काय. मी वच्छलाबाईंकडं वळलो.

"ही पोरगी विचारून राह्यली, याले काय म्हनतात?"

"लक्षवाती," त्या म्हणाल्या. त्यांचं लक्ष उरलेल्या वातींकडं होतं.

मुलीनं तो शब्द जिभेवर घोळवून पाहिला. लाखाचा अर्थ मी सांगितला तेव्हा गर्दीत कुजबुज झाली. सगळ्या एकट्यानं, हातानं? होय. किती दिवसांपासून? मी सांगितलं. मग तिनं विचारलं की पूर्ण झाल्यावर याचं काय होणार.

"काय होनार म्हंजे? जाळनार," वच्छलाबाई म्हणाल्या.

मी तसंच भाषांतर केलं. दाढीवाल्यानं डोळ्यापुढची वात खाली घेतली. त्या म्हातारीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. कोणीतरी विचारलं, का? इतकं करून जाळायचं का?

"याईच्या हार्टसाठी," वच्छलाबाईंनी नामदेवरावांकडं बोट दाखवलं. सगळ्या माना तिकडं वळल्या. नामदेवरावांना बघायला जवळपास एकही खिडकी नव्हती.

मी मग गर्दीत फिरून वाती परत मागायला लागलो. लोकांनी मुकाट्यानं दिल्या. म्हातारीनं केसातली काढून दिली. माझी मूठ भरली, खिसा भरला. मोठ्या अभिमानानं मी त्या वच्छलाबाईंपुढं धरल्या. त्यांनी माझ्या मुठीकडं बघितलं आणि मान हलवली.

"दुसऱ्याचा हात लागला भाऊ. आता त्या माह्या कामाच्या नाई. या उरल्या त्याईलेही कोनी लावला असंन, कोन सांगावं?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्याईले त्याईच्याच देऊन टाका. घरी तेल घालून लावजा म्हना. फेकू नोका म्हना."

मी पुन्हा गर्दीत गेलो आणि वाती वाटल्या. घरी नेऊन तेलात लावा, फेकू नका, असं प्रत्येकाला सांगितलं. लोकांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या. आजवर मी पाहिलेल्या प्रदर्शनांत एवढ्या मनापासून कोणी काही घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि मला कबूल करायला हरकत नाही की त्या क्षणी मी माणसं मोजत नव्हतो.

बसपाशी ड्रायव्हर मनगटावर बोट आपटत उभा होता. मुहूर्त टळायच्या बेतात होता. कसेबसे निघालो. बसमध्ये गाणी नव्हती, चिवड्याची पाकिटं फुटत नव्हती. वच्छलाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांची बोटं थांबली होती. एवढ्या दिवसांत ती थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की अजून वेळ आहे, होऊन जाईल.

"घरी गेल्या गेल्या कापूस फुटन," त्या म्हणाल्या. "येचनी, सोयाबीन, मजुराईचं जेवन. कवा वळू? मी देवाले शब्द देल्ला हाय भाऊ. देवानं त्याचं केलं, मानूस वाचवला. आता मले माहं करता नाई आलं तं याईचं काय? मले भेव लागून राह्यलं."

मागच्या सीटवर नामदेवराव बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. या खेपेला ते खिडकीबाहेर बघत नव्हते. जरा वेळानं त्यांनी सीटच्या वरून आपला फावड्याएवढा हात पुढं केला.

"आन इकडे थोडा कापूस."

"दुसऱ्याचा हात चालत नाई," वच्छलाबाई मागं न बघता म्हणाल्या.

"मी दुसरा हाव काय?"

वच्छलाबाईंनी मागं वळून त्या हाताकडं बघितलं. त्या नियमात नवऱ्याचं काय, हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नसावं. मग त्यांनी दुधाची वाटी आधी मागं दिली आणि मग कापूस. नामदेवरावांनी वळलेली पहिली वात मी पाहिली. ती वात नव्हती, बैलाचं दावं होतं. वच्छलाबाईंनी ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली.

"एवढी जाड?"

"जाड असंन तं जास्त वेळ जळन," नामदेवराव म्हणाले आणि दुसरी वळायला घेतली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. त्याला मी काही समजावलं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला वरवट बकालहून मला बोलावणं आलं. मोटारसायकलनं गेलो. घरी कळलं की दिवसभर कापसाची वेचणी आणि दिवेलागणीनंतर दोघांच्या वाती, असं त्यांचं चाललं होतं. नामदेवरावांच्या ओसरीवर कोणी गप्पा मारायला आलं तर ते हात मागं लपवत नसत, असं शेजारी कौतुकानं सांगत होते. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी घरी आली, आणि लाख भरले. मोजणी वच्छलाबाईंची असल्यामुळं त्यावर कोणी शंका घेतली नाही.

महादेवाच्या देवळापुढं मोठ्या लोखंडी घमेल्यात तुपात भिजलेल्या वातींचा ढीग होता. वच्छलाबाईंनी काडी लावली. आधी धूर झाला, मग जाळ उंच गेला आणि बायकांनी हात जोडले. बारीक वाती भराभर जळून गेल्या. नामदेवरावांच्या मात्र मध्यभागी ठाण मांडून बसल्या होत्या आणि भरपूर धूर करत जळत होत्या. वच्छलाबाई नैवेद्य आणायला आत निघाल्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "मी आली लगेच. शांत होईपर्यंत इथून हलू नोका."

नामदेवराव घमेल्यापाशी मांडी घालून बसले. त्या दिवशी नेमका गावात नळ आला होता, आणि देवळामागच्या नळाची तोटी कोणीतरी उघडी ठेवली होती. दगडावर पाणी पडत असल्याचा आवाज सगळ्यांना येत होता, पण बाकीच्यांचं लक्ष जाळाकडं होतं. नामदेवरावांनी मान वळवून देवळामागं बघितलं. मग घमेल्याकडं बघितलं. त्यांच्या मुठी आवळल्या गेल्या, पण मांडी हलली नाही.

"मनोहरभाऊ," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "थो नळ."

मी उठलो आणि नळ बंद करून आलो.